गप्प बोर्ड

"शनिवारपर्यंत त्याला हो की नाही ते सांगायचंय," भावोजी म्हणाले आणि कप तसाच भरलेला खाली ठेवला.

सकाळचे नऊ वाजले होते, वार सोमवार. ते नुकतेच कामावरून आले होते. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. इस्पितळात ब्रदर आहेत, कायम रात्रपाळीला. अठरा खाटांचा वॉर्ड सकाळपर्यंत एकट्यानं सांभाळायचा आणि दिवसा घरी येऊन झोपायचं. 'त्याला' म्हणजे त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला. त्याच्या घरी, इस्पितळाच्या अगदी मागच्या गल्लीत, एक खोली रिकामी झाली होती.

"असं एकदम काय झालं?" मी विचारलं.

ते पायातले मोजे काढता काढता, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सहा नंबरचं इंजेक्शन नऊ नंबरला घेऊन गेलो होतो वहिनी. दंडाला कापूस लावला, सुई हातात. तेवढ्यात तोच म्हणाला, ब्रदर, माझं तर सकाळी असतं ना?"

"मग?" मी विचारलं.

"काही झालं नाही. पण मोठ्या सिस्टर म्हणाल्या, एकदा झालं ते मी पाहिलं नाही. पुन्हा झालं तर वहीत लिहीन. घरी झोप होत नसेल तर झोपेची सोय करा."

झोप होत नव्हती हे मलाही दिसत होतं. आमच्या दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून अप्पांची खाट, समोर भिंतीवर टीव्ही, आणि कपाट आडवं लावून, पडदा सोडून केलेल्या कोपऱ्यात भावोजींची गादी. आतल्या खोलीत एका अंगाला स्वयंपाक आणि दुसऱ्या अंगाला माझं शिलाई मशीन. मी ऑफिसांचे, दवाखान्यांचे पडदे शिवते. म्हणजे आत दिवसभर मशीन, बाहेर दिवसभर सिनेमा.

अप्पा म्हणजे माझे सासरे. वय एक्याऐंशी. मागं न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा गेला. तेव्हापासून बसता येतं, पण आपलं आपण उठता येत नाही. चाळीस वर्षं थिएटरात ऑपरेटर होते, वरच्या केबिनमधून सिनेमा दाखवायचे. आता त्यांना तेवढाच विरंगुळा उरला होता. ह्यांच्या ऑफिसनं काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता. त्यात त्यांचे तीनएकशे सिनेमे होते. हेडफोन लावून बघायचे, त्यामुळे सिनेमाचा आवाज कुणाला नव्हता. आवाज होता त्या डब्याचा. आतला पंखा मधेच कुजबुजायचा, मधेच पिसाळल्यासारखा घोंघावायचा, पुन्हा दम टाकायचा. हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतात, त्यांना मशिनांचं कळतं. ते म्हणायचे, "हा कॉम्प्युटर नाही, दमेकरी आहे. ह्याला वाफ द्या."

भावोजी उठले, अप्पांच्या बगलेत हात घालून त्यांनी त्यांना खाटेवरून खुर्चीत घेतलं, तोंड धुवून दिलं, परत निजवलं. हे असं रोज सकाळ-संध्याकाळ. ह्यांची पाठ लिफ्टच्या खड्ड्यात एकदा धरली ती धरलीच, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. मी एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा अप्पा आणि मी दोघं खाटेच्या कडेला लोंबकळत बसलो होतो, हे येईपर्यंत. भावोजी गेले तर अप्पांना उठवणार कोण, हा प्रश्न कुणी तोंडानं काढला नाही. अप्पांनी मात्र सगळं ऐकलं होतं.

"जा म्हणावं त्याला," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मी काय, पडलेलाच आहे."

"अप्पा, मी तुम्हाला काही म्हटलं का?"

"मी पण काही म्हटलं नाही."

पडद्याआड जाताना भावोजी माझ्याशी हळूच बोलले. "अप्पांचे सिनेमे बंद करायचे नाहीत हां वहिनी. तेवढंच आहे त्यांना. फक्त मशीन शांत हवं."

त्या दिवशी माझ्या हातून तीन वेळा शिवण वाकडी गेली. बाहेर पंखा चढला की माझं पाऊल थांबायचं, उतरला की कान तिकडे जायचे. गादीवर भावोजी कूस बदलत होते ते मला भिंतीपलीकडून कळत होतं. सोमवार गेला. हातात चार दिवस.

मंगळवारी दुपारी दुकानात गेले. जिन्याखालचं दुकान, आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. दुकानदार पूर्वी कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचा, म्हणून सगळे त्याला मास्तरच म्हणतात, आणि तोही गिऱ्हाइकाची तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय काही दाखवत नाही.

"काय चालवणार?"

"सिनेमे."

"गेम?"

"बघणाऱ्याचं वय एक्याऐंशी आहे."

"म्हणजे गेम नाही. ठेवणार कुठं?"

"खाटेशेजारच्या स्टुलावर. औषधांच्या बाटल्यांना जागा राहायला हवी."

"मग छोटा मदरबोर्ड घ्यायचा. हा बघा, सतरा सेंटीमीटर लांब, सतरा रुंद. याहून मोठा घेतलात तर स्टूल बदलावं लागेल."

त्यानं काऊंटरवर दोन बोर्ड मांडले. दोन्ही माझ्या वितीएवढेच. एकावर मधे चौकोनी रिकामी जागा होती. तिथं प्रोसेसर आपल्या पसंतीचा बसवायचा आणि त्याच्यावर पंखा. दुसऱ्यावर प्रोसेसर आधीच चिकटवलेला, आणि त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची उभी उभी पाती, फणीसारखी.

"याला पंखा कुठाय?"

"नाहीच. या पात्यांतून ऊन हवा आपली आपण वर जाते. तुमच्या सिनेमांना एवढा पुरे."

"आणि आवाज?"

मास्तरनं बोर्ड उचलून माझ्या कानाशी धरला. "आवाज यायला आत हलतंय काय? मुका आहे हा, बाई. शिवी दिलीत तरी उलटून बोलणार नाही."

मी विचारलं, आमच्या दोन जुन्या डिस्क आहेत, त्या फिरताना किरकिरतात, त्यांचं काय? तो म्हणाला, त्यातलं सगळं एका नव्या न फिरणाऱ्या डिस्कवर ओततो. टीव्हीची वायर बसेल का? बसेल. तापून बंद पडेल का? डब्याला वर भोकं ठेवू. माझे प्रश्न संपत नव्हते. मागं उभा असलेला माणूस घड्याळ बघायला लागला.

"हाच द्या," मी म्हटलं. "मला गप्पच मशीन हवंय."

भावोजी 'शांत' म्हणाले होते. मी 'गप्प' म्हणाले. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सकाळचा पहिला तास मी कुणाशी बोलत नाही, माझं रोजचं व्रत आहे ते, आणि अख्ख्या दिवसात मला तोच तास सगळ्यात जवळचा. शांतता सगळ्यांना सारखीच मानवते असं मी धरून चालले होते.

बुधवारी संध्याकाळी, भावोजी कामाला निघून गेल्यावर, मास्तरनं येऊन सगळं बसवून दिलं. जाडजूड पुस्तकाएवढा डबा. बटण दाबलं, एक हिरवा ठिपका लागला, बस. ह्यांनी डब्याला कान लावला, टकटक केली. "जिवंत आहे ना?" म्हणाले. आम्ही हसलो. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

गुरुवारी सकाळी भावोजींनी डबा बघितला, हात लावून बघितला आणि दोन्ही हात जोडले. दहाला ते पडद्याआड गेले. मी अप्पांना सिनेमा लावून दिला, हेडफोन दिला आणि आत येऊन बसले. बाहेर इतकं नि:शब्द होतं की मला मशीनचं पायडल दाबायचा धीर होईना. हातशिलाईचं काम घेऊन बसले.

पावणेअकरा झाले असतील. बाहेरून अप्पांची आरोळी आली.

"तुटली! अरे तुटली पट्टी! लाइट! लाइट लावा!"

मी धावले. अप्पांनी दोन्ही हातांनी खाटेचा दांडा धरला होता आणि एक पाय खाली सोडला होता. टीव्हीवर सिनेमा व्यवस्थित चालू होता. नायिका पत्र वाचत होती.

"अप्पा, चालू आहे. बघा की समोर."

"चालू कसा? मशीन बंद पडलंय!"

"नवीन आहे ना, आवाज करत नाही ते."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि ओशाळून पाय वर घेतला. पडद्याआडून भावोजींनी "काय झालं?" म्हणून विचारलं. काही नाही, झोपा, मी म्हटलं.

अर्ध्या तासानं पुन्हा तेच. अप्पांचा जरा डोळा लागायचा आणि लगेच ते दचकून उठायचे. तिसऱ्या वेळी मी सिनेमाच बंद करू का म्हटलं, तर ते चिडले, "मला वेडा समजतेस का?" चौथ्या वेळी मी पोचेपर्यंत ते अर्धे खाटेबाहेर आले होते. भावोजी अनवाणी धावत आले, त्यांनी मागून कमरेला मिठी घातली म्हणून बरं, नाहीतर दुसराही खुबा गेला असता. अप्पांना निजवून ते तिथंच जमिनीवर बसले, डोकं हातात धरून. डोळे लाल झाले होते. दुपारचा एक वाजला होता.

"तो दमेकरी बरा होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही माझ्यासाठी धावपळ केलीत वहिनी, मी काही म्हणत नाही."

काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

ते पुन्हा झोपायला गेले. मी स्टुलावरच्या बाटल्या सरकवून अप्पांच्या उशाशी बसले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की अप्पा हेडफोन एकाच कानावर लावतात. दुसरी वाटी गालावर ओढून ठेवतात. रोज बघत होते, पण मला वाटायचं कान दुखत असेल.

"अप्पा, हा कान मोकळा का ठेवता?"

"तो मशीनचा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे?" आवाज खाली आणायला मी खूण केली, तशी ते कुजबुजायला लागले. "एक कान पडद्याचा, एक कान मशीनचा. तुला काय वाटलं, मी चाळीस वर्षं सिनेमे बघितले? पहिल्या आठवड्यात एकदा बघायचा. मग मशीनला बघायचं. मी तर खुर्चीत बसून झोपायचो, मालकासमोर झोपायचो. मशीन चालू असलं की बिनघोर झोप. आवाज थांबला की संपलं. थांबला म्हणजे फिल्मची पट्टी अडकली, आणि दिव्यासमोर अडकलेली पट्टी किती टिकते? एक, दोन..." त्यांनी बोटांनी जळल्याचं भोक करून दाखवलं. "खालून शिट्ट्या. खुर्च्या आपटतात. आईवरून बोलतात."

"पण हे नवीन मशीन शांत आहे हो, अप्पा. बंद नाही."

"शांत?" ते म्हणाले. "चांगलं मशीन शांत चालतं, मला सांगू नकोस. हे गप्प आहे. गप्प मशीन म्हणजे बंद मशीन."

चूक कुठं झाली ते कळलं, पण त्याचा उपयोग काय? आवाज असला तर मुलगा जागा, आवाज नसला तर बाप जागा. हे घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग त्यांचंही हसू विरलं.

"मग आता काय, आवाज विकत आणायचा?"

"मला सुचत नाहीये."

"मला वाटतं जाऊ दे त्याला," ते म्हणाले. बूट काढताना त्यांचा हात पाठीवर गेला. "माणसाच्या जिवाचं काम आहे त्याचं. अप्पांसाठी कुणीतरी बघू."

'कुणीतरी' या शब्दानं मी रात्रभर तळमळत राहिले.

शुक्रवार. अप्पा रुसून बसले, सिनेमा नको म्हणाले. खिडकीबाहेर बघत पडून राहिले. माझ्याकडे दवाखान्याचे बारा पडदे द्यायचे राहिले होते, ते टाळून चालणार नव्हतं. दार लोटून घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि मशीन सुरू केलं. पडद्याची शिवण लांबलचक असते. सरळ, तीन-तीन मीटर, कुठं वळण नाही. एक बाजू संपली, मी थांबले. भिंतीपलीकडे गादीवर हालचाल झाली. दुसरी बाजू घेतली, सामसूम. दोरा संपला, थांबले, आणि भावोजी खोकले. रीळ बदललं, शिवायला लागले, सामसूम.

मी पाय उचलला. पलीकडे कूस बदलली.

कापडाच्या कपाटातून एक रद्दी पट्टा काढला आणि नुसताच शिवत सुटले, वरून खाली, खालून वर, दोऱ्याची उधळपट्टी. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. दाराच्या फटीतून डोकावले तर भावोजींचा हात गादीबाहेर पडलेला, बोटं सैल. आणि अप्पांचेही डोळे मिटलेले.

चार वाजता ते उठून चहाला आले तेव्हा मी विचारलं, "माझ्या मशीनचा त्रास झाला का?"

"तुमचं मशीन? ते कुठं ऐकू येतं मला?"

"येत नाही?"

"येत असेल. एकसारखं असतं हो ते. त्या दमेकऱ्याचं कसं, आता चढेल, आता चढेल, अशी वाट बघत पडायचो." कप तोंडाशी नेताना ते थबकले. "का?"

"काही नाही," मी म्हणाले आणि चपला शोधायला लागले. पिशवीत गप्प बोर्डाचा डबा घातला आणि जवळजवळ पळतच दुकान गाठलं.

मास्तर माझं ऐकून घेईपर्यंत त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच हवेत राहिला. "वीस वर्षं दुकान चालवतोय," तो म्हणाला, "लोक आवाज काढून घ्यायला येतात. आवाज घालून मागणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"थोडाच हवाय. पण एकसारखा."

"ह्याच बोर्डाला पंखा लावू की. पण थांबा, नाही जमणार. ह्याच्यावर पंख्याला जागा आहे, पण वेग ठरवता येत नाही. लावला तर सुसाट, नाहीतर बंद." त्यानं त्या दिवशीचा पहिला बोर्ड काढला, चौकोनी रिकाम्या जागेचा. "ह्याला वेग सांगता येतो. छोटा पंखा नको, तो किणकिणतो. तळहाताएवढा लावू, सावकाश फिरणारा. ऑटोवर ठेवतो. म्हणजे कसं, गरम झालं की वेग वाढतो, गार झालं की आपोआप..."

"नाही!"

माझा आवाज एवढा चढला की दारातलं गिऱ्हाईक मागं सरकलं. मला स्वतःचीच लाज वाटली. हळू आवाजात म्हटलं, "तेच नको आहे. वर-खाली अजिबात नको. एकच सूर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"पण तापलं तर?"

"सिनेमा बघताना किती तापेल?"

त्यानं मान तिरकी केली. आकडा मनातल्या मनात मांडला असावा. "नाही तापणार," तो कबूल झाला. मग त्यानं जुळणी तिथंच काऊंटरवर केली आणि पंखा फिरवला. मी डोळे मिटले.

"हळू करा."

"आता?"

"आता ऐकूच येत नाही. जरा चढवा. अजून. नाही, पुष्कळ झालं."

"बाई, सूर लावताय का?" दारातलं गिऱ्हाईक म्हणालं. कुणी हसलं. मी डोळे उघडले नाहीत. खालच्या पट्टीत, दूरवर कुणीतरी लांब शिवण घालत असावं, असा आवाज आला तेव्हा मी हात वर केला. मास्तरनं तो वेग पक्का करून टाकला आणि गप्प बोर्ड परत घेतला. "हा आता कुणाला विकू? तुमच्यासारखे कान नसलेल्याला," म्हणाला.

संध्याकाळी डबा स्टुलावर गेला, अप्पांच्या मोकळ्या कानाच्या बाजूला, खाली जाड कापडाची घडी. अप्पांनी बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन मागितला.

शनिवारी भावोजी आले ते आधीच ठरवून आल्यासारखे. अप्पांना उठवलं, निजवलं. मग फोन माझ्या हातात दिला.

"त्याचा फोन येईल दुपारी. आला की उठवा मला."

"बरं," मी म्हणाले.

हा एक शब्द मी सहज बोलून गेले. दिलेला शब्द पाळायचा हेही माझं रोजचंच आहे, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. ते पडद्याआड गेले, सिनेमा सुरू झाला, डबा आपल्या सुरात चालू लागला.

अकरा वाजले. मी दर पाच मिनिटांनी दाराशी जात होते. अप्पा एकदा जागे झाले, तसंच पडून ऐकत राहिले, पुन्हा मिटले. बारा. पडद्याआड हालचाल नाही. एक वाजला, आणि मला वेगळीच भीती वाटायला लागली की माणूस ठीक आहे ना. पडदा बोटभर सारून पाहिलं. तोंड किंचित उघडं, छाती संथ वरखाली. त्यांच्या कपाळावरची कायमची उभी आठी कितीतरी महिन्यांनी गेलेली दिसली.

दोनला फोन हातात थरथरला.

मी पडद्यापर्यंत गेले. हात पडद्याला लागला. उठवायचं होतं, बरं म्हणाले होते. फोन थरथरत होता. हात पुढं जाईना. शेवटी आत पळाले, दार लोटलं आणि फोन घेतला.

"झोपलेत ते," मी म्हणाले. "मी त्यांची वहिनी."

"उठवता का जरा? खोलीचं विचारायचं होतं. दुसरा एकजण मागतोय."

"आज चार तास झाले, सलग झोपलेत."

"ते ठीक आहे, पण मला सांगायचंय ना त्याला. येणार आहे का हा?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं. खोटंही ठरलं नसतं कदाचित. पण ते माझं उत्तर नव्हतं. "ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले, "आणि त्यांना मी उठवणार नाही."

"तीनपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "मग देऊन टाकीन. राग मानू नका."

त्या एका तासात मी काय केलं, आठवत नाही. कापड कापलं असेल. पाच वेळा उठवायला निघाले आणि पाच वेळा परत आले. त्यांच्या झोपेसाठी थांबतेय की माझ्यासाठी, अप्पांना उचलणारे हात घरात राहावेत म्हणून, असं मी स्वतःला विचारत होते, आणि खरं उत्तर येत नव्हतं. दोन्ही असावं. देवासमोर जाऊन उभी राहिले, तर तिथंही तोंड वर करवेना. घड्याळात तीन वाजले. सव्वातीन झाले. मग मी खाली बसले.

साडेपाचला ते आपले आपण उठले. दाराशी येऊन, केस विस्कटलेले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. "बंद पडलंय का हे?"

"बरोबर आहे. भावोजी, त्याचा फोन आला होता. दोनला. तुम्ही उठवा म्हणाला होतात, मी बरं म्हणाले होते, आणि उठवलं नाही. तो तीनपर्यंत थांबणार होता."

एका दमात बोलून टाकलं आणि ओरडा खायला उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होते. हळूहळू त्यांना आकडे जुळले.

"म्हणजे गेली."

"गेली असेल. चूक माझी आहे. बोला मला."

"साडेसात तास," ते म्हणाले. मला नाही, स्वतःला. दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "बोलायला आवाज लागतो वहिनी, माझा अजून झोपेतच आहे."

त्यांनी फोन घेतला, जोडीदाराला लावला, गॅलरीत जाऊन बोलले. मी ऐकलं नाही. परत आले ते सरळ अप्पांच्या खाटेशी. बगलेत हात घातले.

"गेला नाहीस?" अप्पांनी विचारलं.

"कुठं जाऊ? खोली वहिनींनी घालवली."

अप्पा त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हळू उचल रे. पोतं नाही मी."

निघताना भावोजी दारात वाकून बूट बांधत होते. मी जेवणाचा डबा घेऊन शेजारी उभी.

"एका दिवसाचं काही खरं नसतं," ते नाडी ओढत म्हणाले. "उद्या, परवा बघू. नाही जमलं तर दुसरी खोली शोधावीच लागेल मला. सहा नंबर, नऊ नंबर, तिकडं माणसं आहेत हो."

"कळतंय मला."

"तेव्हा फोन आला तर उठवाल ना? शब्द द्या."

त्यांनी मान वर केली होती. मस्करी करत होते की खरंच विचारत होते, कळेना. बाहेरच्या खोलीतून तो एकसारखा बारीक आवाज येत होता, आणि त्याच्यावर अप्पांचं घोरणं.

"नाही देत," मी म्हणाले आणि जेवणाचा डबा त्यांच्या हातात ठेवला.